न चाखता दिलेला निकाल

काकूंनी आयुष्यात बदक खाल्लेलं नाही. कोंबडी नाही, मासा नाही, अंडंसुद्धा केकमध्ये लपून आलं तरच. पण पडद्यावर एखाद्या शेफनं बदकाचा तुकडा ताटलीत ठेवला की त्या चष्मा वर सरकवतात, मान तिरकी करतात आणि सांगतात, "कातडीखालची चरबी सुटली नाहीये. चिवट लागणार." थोड्या वेळानं परीक्षक घास तोंडात घेऊन तेच सांगतो. काकू तेव्हा माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. वरच्या कोर्टानं निकाल कायम केला, एवढंच.

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या त्यांच्या घराच्या तळघरात मी भाड्यानं राहतो. 'टॉप शेफ' सुरू झालं की जिन्यावरून हाक येते, "अरे, लागलं बघ!" ब्राव्हो वाहिनीवर २००६ साली सुरू झालेली ही स्पर्धा हौशी मंडळींची नाही, इथे उतरणारे सगळे धंद्यातले. काकूंची खरी चैन यातच आहे. घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांच्या चुका काढणं त्यांना पाप वाटतं, "बिचारे नोकऱ्या सांभाळून करतात." ज्याच्या अंगावर पांढरा कोट आणि काखेत स्वतःच्या सुऱ्यांची गुंडाळी आहे, त्याची मात्र गय नाही.

मुख्य परीक्षक टॉम कोलिकिओ याच्याशी त्यांचं जुनं वैर आहे. न्यूयॉर्कमध्ये 'क्राफ्ट' काढून नावाजलेला हा माणूस काकूंच्या लेखी नुसता 'टकलू मास्तर'. पदार्थ फसला की मास्तर स्पर्धकाला विचारणार, "तू चाखून बघितलंस का?" स्पर्धक मान खाली घालतो आणि काकू उसळतात. "चाखायला कशाला लागतं?" नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, चाखला की उष्टा झाला, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला. पुरणात गूळ किती, कटाला मीठ किती, हे चिमटीला आणि नाकाला कळलं पाहिजे. गौरीच्या दिवशी पंचवीस माणसांचं पान त्यांनी एक थेंब जिभेवर न टेकवता वाढलं आहे आणि "आमटीला मीठ कमी पडलं" असं म्हणायची कुणाची छाती झालेली नाही. टीव्हीसमोर बसलेल्या बाकीच्या जगाला चव कळत नाही ही अडचण वाटते. काकूंना ती रोजची कामाची पद्धत आहे. उलट नाकही बंद करून ठेवलंय म्हणून त्या अमेरिकन टीव्हीवर नाराज असतात.

रिसोतो हा त्यांच्या हक्काचा विषय. या स्पर्धेत रिसोतो करायला घेणं म्हणजे घरचं तिकीट काढणं, असं जुने प्रेक्षक मानतात. कित्येक जण त्या भातानं बुडाले. तो ताटलीत ढीग होऊन बसता कामा नये, हलवला की पसरला पाहिजे, हे मास्तरांचं म्हणणं काकूंना मान्य आहे. "म्हणजे आसट हवा. एवढं सांगायला इटलीचं नाव कशाला?"

फेसाचं मात्र त्यांना अजून पटलेलं नाही. दुसऱ्या पर्वात एक पोरगा उठसूट प्रत्येक पदार्थावर फेस घालायचा. काकू म्हणतात, "डाळ शिजताना येणारा फेस आम्ही पळीनं काढून टाकतो. हे वाढतात!" आणि मांडणी? दोन घास मध्यभागी, बाकी ताटली उघडी, वर चिमट्यानं ठेवलेली तीन पानं. याला हरकत नाही, पण सॉसचा फराटा उजवीकडे दिसला की त्यांचा संताप होतो. चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मीठ वर मध्यभागी. ज्याला वाढायचं कळत नाही त्याला सुरी कुणी दिली?

इतकं सगळं असलं तरी काकूंची मतं अन्नाबद्दल फार थोडी असतात. असे प्रेक्षक मी बरेच पाहिलेत. ते पदार्थापासून सुरुवात करतात आणि पाच मिनिटांत स्वभावावर येतात. दुसऱ्याची कढई उतरवून स्वतःची चढवणारा, मीठ मागितलं तर न देणारा, "मी इथे मैत्री करायला आलो नाही" म्हणणारा, हे सगळे काकूंच्या वहीत कायमचे नापास. सहाव्या पर्वात, २००९ साली, व्होल्टाजिओ आडनावाचे सख्खे भाऊ अंतिम फेरीत समोरासमोर आले आणि धाकट्यानं थोरल्याला हरवलं. काय शिजवलं होतं ते काकूंना आठवत नाही. "त्या आईनं देव पाण्यात ठेवायचे तर कुणासाठी?" हा प्रश्न मात्र अजून निघतो.

दहाव्या पर्वातली क्रिस्टन किश ही त्यांची लेकच. रेस्टॉरंट चालवायच्या फेरीत प्रमुख म्हणून तिनं सहकाऱ्यांच्या चुकांचा दोष स्वतःवर घेतला आणि घरी गेली. त्या आठवड्यात काकूंनी ब्राव्होवर बहिष्कार टाकला होता, म्हणजे मालिका पाहिली पण आवाज बंद ठेवून. किश बाद झालेल्यांच्या फेरीतून परत आली, जिंकली, आणि २०२४ मध्ये पद्मा लक्ष्मीच्या जागी सूत्रसंचालक झाली. पद्मा गेल्याचं दुःख त्यांना होतंच. दुसऱ्या पर्वापासून विसाव्यापर्यंत ती 'आपली पद्मा' होती, मद्रासकडची असली तरी. "इतकं खाऊन ही अशी बारीक कशी?" हे कोडं सोडून दिलं तर तिच्याविषयी तक्रार नव्हती.

काकांची जात वेगळी. ते बँकेत ऑडिटला होते. ते सोफ्यावर डोळे मिटून पडतात आणि मध्येच सांगतात, "हा आज जाणार." कसं? "मघाशी त्याला बायकोला फोन करताना दाखवला." दरवेळी खरं ठरत नाही, पण काकूंना चिडवण्यापुरतं ठरतं. सातव्या पर्वात, २०१० साली, एकाची मटाराची प्युरी नाहीशी झाली आणि दुसऱ्याच्या ताटलीत मटाराची प्युरी अवतरली. चोरी सिद्ध झाली नाही. काकांच्या मते फाईल अजून उघडी आहे. "फ्रिजचं रजिस्टर ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती."

त्यांचा हुकमी पुरावा शेवटी येतो. श्रेयनामावली सर्रकन सरकत असताना ते रिमोट दाबून चित्र थांबवतात आणि मोठ्यानं वाचतात: निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतले आहेत. "अगं, तू भांडतेस कुणाशी? निकाल वाहिनीच्या हपिसात लागतो."

"अहो, रिसोतो कच्चा होता तो काय वाहिनीनं कच्चा ठेवला?"

एका संध्याकाळी मात्र या घरात कुणालाच मत सुचलं नव्हतं, असं काका सांगतात. २०११ मध्ये 'टॉप शेफ मास्टर्स'च्या अंतिम फेरीत फ्लॉइड कार्डोझ यांनी उपमा केला. मूळ गोव्याकडचा, मुंबईत जन्मलेला हा शेफ. न्यूयॉर्कचं 'तब्ला' त्यानं गाजवलं, पुढे मुंबईत 'बॉम्बे कँटीन'च्या उभारणीत त्याचा हात होता, आणि मार्च २०२० मध्ये करोनानं तो न्यू जर्सीतच गेला. उपमा रानटी अळंब्यांचा होता, सोबत कोकम आणि नारळाचं दूध. तो जिंकला, एक लाख डॉलर कर्करोग संशोधनाच्या निधीला गेले. इतक्या वर्षांत काकूंनी जन्मभर खाल्लेला पदार्थ पडद्यावर पहिल्यांदाच आला होता, आणि त्यावर त्यांना धड बरंही म्हणता येईना, वाईटही म्हणता येईना. "उपम्यात कोकम," एवढंच त्या दोनतीनदा म्हणाल्या. रात्री अकराला डोंबिवलीला बहिणीला फोन लावला. तिकडे सकाळ होती, बहीण उपमाच करत होती.

काकूंची ही कीर्ती बाहेर पसरायला वेळ लागला नाही. इथल्या एका मंडळानं गणेशोत्सवातल्या मोदकस्पर्धेला त्यांना परीक्षक नेमलं. टेबलावर ताटल्या मांडलेल्या, शेजारी चमचे, पाण्याचे पेले, गुणांचे तक्ते. काकू पदर खोचून या टोकाकडून त्या टोकाला गेल्या. कळ्या मोजल्या, एका मोदकाची उकड बोटानं दाबली, एकाचा वास घेतला, चमच्याला हात लावला नाही, आणि पाण्याचा पेला उचलायच्या आत पहिले तीन क्रमांक लिहून दिले.

चौथ्या आलेल्या बाई चिडल्या. "काकू, तुम्ही चाखलंच नाही!"

"नैवेद्य झालाय का अजून?" काकूंनी विचारलं.

आरतीला अर्धा तास होता. बाई अध्यक्षांकडे गेल्या, अध्यक्ष काकांकडे आले. काकांनी चष्मा लावला, निकालाचा कागद हातात घेतला, आणि त्याच्या तळाशी पेनानं बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली: परीक्षकांनी सदर निर्णय आयोजकांशी सल्लामसलत करून घेतलेला आहे.