तोटा पुढे ओढणारे अण्णा

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतातच, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. जुलै लागला की ते गेटपाशी उभे राहतात. "काय, भरलं का रिटर्न?" हो म्हणा, नाही म्हणा, पुढचा अर्धा तास त्यांच्या वाघोलीच्या फ्लॅटचा.

"भाडं बारा हजार. वर्षाचे 1,44,000. त्यातले तीस टक्के सरकार आपणहून सोडतं, मग तुम्ही दुरुस्ती करा नाहीतर करू नका. राहिले 1,00,800. आणि कर्जाचं व्याज 4,20,000. तोटा किती?" उत्तराला थांबतात कुठे! "3,19,200!" पोरगा बोर्डात आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलतो. "दोन लाख पगारातून वजा. उरलेले 1,19,200 आठ वर्षं पुढे ओढायचे!"

ही दोन लाखांची मर्यादा 2017च्या अर्थसंकल्पात आली. त्याआधी असला सगळाच तोटा पगारातून वजा होई. तेव्हाचे अर्थमंत्री जेटली यांच्यावरचा राग अण्णांनी अजून पुढे ओढलाय.

त्यांचं सगळंच असं. पार्किंगचं भांडण मिटवायला गेलो, तर म्हणाले, "यंदा नाही जमणार. पुढे ओढतो." भिशीतली उधारी, व्याह्यांनी चुकवलेला मानपान, गणपतीच्या वर्गणीवरून सेक्रेटरी जे बोलले ते, सगळं पुढे. पण शिस्त कायद्याची. पुढे ओढलेला घराचा तोटा फक्त घराच्याच उत्पन्नातून वजा होतो, पगाराला तिथे हात लावता येत नाही. तसा व्याह्यांवरचा राग अण्णा व्याह्यांवरच काढतात, सुनेवर कधी नाही. एवढी शिस्त आमच्या सेक्रेटरींना असती तर!

काकूंना कबूल केलेली काशीयात्राही दरवर्षी पुढे ओढली जायची. एकदा पोहे पुढ्यात ठेवता ठेवता काकूंनी विचारलं, "आठ वर्षं होऊन गेली हो. आता ती बुडाली का?" अण्णांनी लिंबू पिळायला घेतलं आणि बराच वेळ पिळत बसले.

तोटे बुडतात तर खरेच. कर्जाच्या सुरुवातीच्या हप्त्यांत बहुतेक व्याजच असतं. ते उतरून भाड्यातून चार पैसे सुटायला लागेपर्यंत पहिल्या वर्षांचे तोटे मुदत संपून गेलेले असतात. मुलगा नव्या करप्रणालीतला. तो सांगतो, "बाबा, आमच्यात तर घराचा तोटा पगारातून वजाच होत नाही." अण्णा त्याच्याकडे जातीबाहेर गेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

आणि तरीही, तळमजल्यावरच्या बाईंची नवऱ्याच्या आजारपणात रिटर्नची तारीख हुकली, तेव्हा मी अण्णांकडेच गेलो. कुणीतरी बाईंना सांगितलं होतं की आता घराचा तोटा विसरा. "कोण म्हणतं? शेअरचा, धंद्याचा तोटा मुदत चुकली की पुढे जात नाही. घराचा जातो!" रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी बाईंचा आयटीआर-2 भरला, पुढे ओढायच्या तोट्याचा, शेड्यूल सीएफएलचा रकाना तीनदा तपासला आणि त्यांच्या नशिबावर काहीही भाष्य न करता निघून आले. अण्णांच्या बाबतीत हे नोंदवण्यासारखं.

परवा काकूंना सहज विचारलं, वाघोलीत भाडी एवढी चढली, मग तुमचा तोटा अजून कसा टिकलाय? काकू कढीपत्ता निवडत होत्या. "चढली ना. शेजारच्या फ्लॅटला बावीस हजार येतात. आमचे आपले बारातच. दर अकरा महिन्यांनी करार करायला जातात, तिथे जेवून येतात आणि म्हणतात, भाडेकरूच्या पोरीचं कॉलेज होऊ दे, मग वाढवू."

"आणि ती कितवीत आहे?"

"आठवीत."