गोधड्यांचा स्टुडिओ

निवृत्तीनंतर माणसाच्या डोक्यात एखादं तरी खूळ शिरतंच. कुणी बोन्साय लावतं, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद ओढवून घेतं. आमच्या बेडरूममध्ये, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात, रेडिओचा स्टुडिओ उभा राहतो आहे.

माइक काय, दुकानात मिळतो. मिळत नाही ती शांतता. आपले कान जन्मभर ज्याकडे काणाडोळा करतात, ते सगळं माइक इमानेइतबारे टिपून ठेवतो. फ्रिजची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी. पंखा तर बंदच ठेवावा लागतो. ऐन मे महिन्यात घाम पुसत पहिल्या पावसावर हळुवार बोलणं, ही निवेदनकलेची खरी परीक्षा. ‘रेकॉर्डिंग चालू आहे’ अशी पाटी दारावर लागल्यावर सौ.नी एवढंच विचारलं, ‘‘म्हणजे आता घरात तुम्हीच बोलायचं का?’’

येणारा प्रत्येक पाहुणा भिंतींना अंड्यांचे ट्रे लावायला सुचवतो. पण बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, जड दार, फट नसलेली खिडकी. पुठ्ठ्याच्या ट्रेला वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्चीसुद्धा जुमानत नाही. तिथे उपाय एकच, वरच्यांशी गोड बोलणं.

खोलीतच घुमणाऱ्या आवाजाचं मात्र तसं नाही. तो गोधडी गिळते. याला हार्वर्डचा दाखला आहे. 1895 मध्ये तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द 5 सेकंदांहून अधिक काळ घुमत. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या पसरून घुमणं किती कमी होतं ते मोजलं आणि त्यातून ध्वनिशास्त्राचं सूत्र काढलं. आमच्याकडे आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या दांडीवर टांगल्या आणि आवाज जागेवर बसला. सूत्र तेच, फक्त कापड नऊवारी.

राहता राहिले ‘भ’ आणि ‘फ’. ‘भाऊ’ म्हटलं की माइकवर हवेचा धपका बसतो. भरतकामाच्या रिंगवर पातळ नायलॉनचा मोजा ताणून मध्ये धरायचा, तोंड वीतभर लांब आणि माइक जरा तिरका ठेवायचा, की भाऊ सभ्यपणे येतो.

घरात बोलून ध्वनिमुद्रण करायला परवाना लागत नाही. ते हवेत सोडायला लागतो. बिहारच्या मन्सूरपुरात राघव महतोने दुरुस्तीच्या दुकानातून स्वतःचं एफएम केंद्र चालवलं होतं. ते 2006 मध्ये बंद करण्यात आलं आणि त्याच वर्षी सरकारने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये ‘माणदेशी तरंग’ हे असंच सामुदायिक केंद्र चालतं. अशा केंद्राला प्रक्षेपणाची ताकद 100 वॉटपर्यंत, म्हणजे पूर्वीच्या पिवळ्या दिव्याएवढी. गावच्या बायकांना आपल्याच गावच्या बाईचा आवाज ऐकवायला ती पुरते.

तुम्हालाही हे खूळ लागलंच, तर माइक घेण्याआधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझण ऐकू आली, तर दुकानात जाऊ नका. आधी माळ्यावर चढा.