विचारलं कुणाला?

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान गेले. इंग्रजांनी उभारलेलं स्मारक गावात आहे. तिथं डोकं टेकवावंच. पण ऑस्ट्रिया-सर्बियाच्या भांडणात या गावाला ओढायचं ठरवलं कुणी?

तटस्थ देश लढाईत का उतरतो, याची कारणं इतिहासात मिळतात. अमेरिका अडीच वर्षं बाहेर राहिली. मग जर्मन पाणबुड्या तिची जहाजं बुडवू लागल्या. टेक्सास परत मिळवून देऊ, असं आमिष जर्मनीनं मेक्सिकोला दाखवल्याची तार फुटली. मित्रराष्ट्रांना दिलेली कर्जंही अडकली होती. तरी एप्रिल 1917 मध्ये मतं मोजूनच निर्णय झाला. प्रतिनिधिगृहात 373 विरुद्ध 50. ते पन्नास जण हरले, पण त्यांची नावं आजही वाचता येतात.

आपल्याकडं 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोंनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर केलं. कायदेमंडळात मतदान नाही, प्रांतांना विचारणा नाही. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला तो यावरूनच. बरोबर तीन वर्षांनी, 3 सप्टेंबर 1942 ला, तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. कचेरीवर तिरंगा चढला आणि मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी. सहाच दिवसांनी वडूजच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. पुढं मराठा पलटणी इटलीत लढत होत्या, तेव्हा याच जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. पलटणीत गेलेल्या पोरांना कुणी इंग्रजांचे हस्तक म्हटलं की मला संताप येतो. माण-खटावच्या कोरडवाहू घरात पगाराची मनिऑर्डर म्हणजे काय, हे असं म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावं.

2003 मध्ये अमेरिकेनं इराकसाठी आपली फौज मागितली. याच मुलखात, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, मराठा पलटणींनी पहिल्या महायुद्धात रक्त सांडलं होतं. वाजपेयी सरकारनं 14 जुलैला नकार दिला, आणि उत्तम केलं. मात्र तो निर्णय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीचा होता. होकार द्यायचा असता, तर तोही तिथंच ठरला असता. परदेशात फौज धाडण्याआधी संसदेची मंजुरी घ्यावी, असं बंधन आपल्या राज्यघटनेत नाही. 1987 मध्ये फौज श्रीलंकेत गेली आणि हजारावर जवान परत आले नाहीत.

सातारा आणि सांगलीच्या खासदारांनी, पक्ष कुठलाही असो, यावर खासगी विधेयक मांडावं. परदेशात लढायला फौज पाठवायची तर आधी लोकसभेत मतदान व्हावं, आणि तेही नावानिशी. आपल्या खासदारानं कुठलं बटण दाबलं, हे अपशिंग्याच्या आईला कळायलाच हवं.