मॅचिंग तलवार

सुरतेत मॅचिंग मिळत नाही अशी वस्तू नाही. साडीचा काठ दाखवला की दुकानदार गादीवरून न उठता ब्लाउजपीस, लेस आणि टिकल्या काढून देतो. त्यामुळे शिवजयंती जवळ आली तरी गोडादऱ्यातल्या आम्हा खानदेशी मंडळींना वेशभूषेची चिंता नसते. जिरेटोपाची मखमल, अंगरख्याची जर, मोत्यांच्या माळा, सगळं रिंगरोडच्या मार्केटात मिळतं. तिथला शेठ वर्गणी देताना दरवर्षी तोच विनोद करतो : "आ वखते रसीद तो आपशो ने?" १६६४ आणि १६७० च्या सुरत-लुटीचा हिशेब त्याने इतक्या हसतखेळत मिटवलाय, की आपल्यालाच ओशाळायला होतं. घोडा वरातवाल्याकडून येतो. रोज नवरदेव वाहून वाहून तो डीजेला बुजत नाही. उलट ओळखीचं गाणं लागलं की नाचू लागतो आणि महाराजांना प्रसंग सावरावा लागतो.

अडतं ते तलवारीपाशी.

आजवर तिच्याकडे कुणी निरखून पाहिलंच नव्हतं. पत्र्याची, वाकडी, मुठीला लाल खडा. उन्हात चमकली की झालं. यंदा मंडळातल्या एका कॉलेजकुमाराने मोबाइलवर संग्रहालयांतली शस्त्रं पाहिली आणि भर बैठकीत हरकत घेतली. त्याचं म्हणणं, एवढा बाक मोगली थाटाचा. महाराजांच्या हाती धोप हवी. लांब, सरळ पात्याची. शिवाय पातं फिरंगी हवं.

मंडळातल्या आप्पांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून चित्र न्याहाळलं. "हाई तलवार शे का फूटपट्टी?"

पोराचं म्हणणं बरोबर होतं, ही खरी पंचाईत. सतराव्या शतकात दख्खनच्या सरदारांना युरोपातल्या पात्यांचं भारी आकर्षण होतं. जर्मनीतल्या झोलिंगेनची, इटलीची, स्पेनची पाती जहाजांतून किनाऱ्यावर उतरत. इथले कारागीर त्यांना देशी मूठ बसवत, मुठीपासून पात्यावर आधाराच्या पट्ट्या चढवत, आणि ती तलवार फिरंग म्हणून मिरवे. सुरतेच्या वखारीत इंग्रजांनी सुरुवातीच्या काळात विकायला जो माल आणला, त्यातही तलवारीची पाती होती. म्हणजे आम्ही आज ज्या पात्यासाठी वणवण करतोय, ते चारशे वर्षांपूर्वी याच गावात दुकानात होतं. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार विकत घेतली, तीही याच जातीची : सरळ, एकधारी, युरोपी बनावटीचं पातं आणि त्यावर देवनागरीत रघूजींचं नाव. पुरावा म्हणून ती बातमी आप्पांपुढे ठेवली. त्यांनी त्यातला किमतीचा आकडा तेवढा वाचला, सुमारे ४७ लाख, आणि मोबाइल परत केला.

लोकांच्या डोळ्यांत बसलेली वस्तू हलवणं सोपं नसतं. महाराजांच्या चेहऱ्याचंच बघा ना. १९३३ साली वा. सी. बेंद्र्यांनी अस्सल चित्र उजेडात आणलं. तोवर कुणा इब्राहिमखानाचं चित्र महाराजांचं म्हणून खपत होतं. चेहऱ्याला निदान बेंद्रे भेटले. कॅलेंडरवरच्या तलवारीला अजून कुणी वाली मिळालेला नाही.

तरी सरळ तलवार शोधायला आम्ही जुन्या शहरात गेलोच. १६६४ च्या जानेवारीत महाराजांचा तळ पडला होता तो बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत. त्या वेशीतून निघालेला रस्ता खानदेशाकडे जाई. आमचे बापजादे त्याच वाटेने उलटे, जळगाव-उधना गाडीच्या जनरल डब्यातून इथे आले आणि लूम चालवायला लागले. वेशीची आठवण आता बऱ्हाणपुरी भागळ या नावात तेवढी उरलीय. लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानदाराला आम्ही सरळ तलवार मागितली, तेव्हा त्याने आमच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "सीधी कोई लेतुंज नथी, भाई. वरराजाने वांकीज जोइए."

त्याची वाकडी हातात घेतल्यावर आमच्या कॉलेजकुमाराने दुसरी हरकत काढली : मूठ मोठी आहे. खऱ्या देशी तलवारीची मूठ तोकडी असते. खाली गोल चकती, वर आडवी पट्टी, मधे जेमतेम चार बोटं. संग्रहालयात ती बघणाऱ्याला वाटतं, त्या काळच्या माणसांचे हातच लहान. पण पंजा त्या बेचक्यात घट्ट अडकावा, मनगट फार न वळवता वार खांद्यातून यावा, म्हणून ती तशी घडवलेली. भाड्याच्या तलवारीत मात्र नवरदेवाचा अंगठ्यांसकट पंजा ऐसपैस मावला पाहिजे. वजनाचाही घोळ. लढाईतली तलवार साधारण किलो-सव्वा किलोची, कारण ती दिवसभर चालवायची असते. आप्पांच्या डोक्यात मात्र जेजुरीचा बेचाळीस किलोचा खंडा. सव्वा किलो ऐकून ते म्हणाले, एवढी तर आमच्याकडे भाजी येते.

राहता राहिला कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तलवार हे शस्त्र आहे. पण जी वस्तू खेळण्याखेरीज कशाच्याच उपयोगाची नाही, तिला कायदा शस्त्र मानत नाही. म्हणजे इतिहासाच्या जितकं जवळ जावं, तितकं पोलीस ठाणंही जवळ येतं. हा मुद्दा मात्र आप्पांना एका झटक्यात पटला. शेवटी गल्लीतल्या सुताराकडून लाकडाची धोप घडवून घेतली. सरळ, लांब, वर चंदेरी फॉइल, मूठ बरोबर चार बोटांची. महाराज होणारा पोरगा एम्ब्रॉयडरी मशीनवर बारा तास काढतो. त्याचा पंजा काही त्या मुठीत शिरेना. सुताराने आतून थोडं कोरलं. इतिहासातून दोन सूत गेलं, पण बोटं मोकळी झाली.

मग त्या वाकड्या, लाल खड्याच्या तलवारीचं काय करायचं? मिरवणुकीत चौकात सुरतेचा प्रसंग होतो. त्यातल्या इनायतखानाला ती द्यावी, असं ठरलं. हा इनायतखान सुरतेचा मोगल अंमलदार. महाराज आले तेव्हा शहर वाऱ्यावर सोडून तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. त्यामुळे त्याचं काम करायला दरवर्षी कुणी मिळत नाही, चहा-नाश्त्याचं आमिष दाखवून एखाद्याला उभं करावं लागतं. यंदा तलवार कुणाकडे जाणार हे कळल्यापासून इनायतखानासाठी पाच नावं आलीत. त्यातल्या एकाची आई तर आप्पांच्या घरी येऊन गेली. पोराला बोलायला एक वाक्य नसलं तरी चालेल म्हणाली, फक्त किल्ल्यात बसल्या बसल्या त्याला ती तलवार एकदा तरी उपसू द्या.