शिरगणतीवाले

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ओढ्याला बांध घालून केलेली छोटी तळी पुष्कळ. तळ्याभोवती घरं उठतात, आणि मग बदकं, दोन बाकडी, ‘पोहण्यास मनाई’ अशी पाटी आणि एक शिरगणतीवाला एवढं तिथे जमतंच. बाकड्यांची आणि पाटीची सोय वसाहतीची समिती करते. बदकं आपण होऊन येतात. शिरगणतीवाला स्वतःच स्वतःची नेमणूक करतो.

मिझुरीतल्या आमच्या वीस एकरी तळ्यावर विराजमान झालेले गृहस्थ सत्तरीचे आहेत. त्यांनी उभी हयात विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात घालवली. त्यामुळे माणसांच्या तोंडच्या गोष्टींवर विश्वास ठेवायची सवय मोडलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी तपासायला क्रॅपी हा मासा घेतला. तळ्यात क्रॅपी आहेत किती, राहतात कुठे, वयं काय, हे त्यांना कळायला हवं आहे. का, ते विचारायचं नाही.

आपण काठावर निवांत गळ टाकून बसलेलो असतो. मागून आवाज येतो, “लागल्या?”

“चार.”

“काळ्या की पांढऱ्या?”

आता क्रॅपीच्या दोन जाती आहेत आणि दोन्ही रुपेरीच दिसतात, हे निम्म्या वसाहतीला ठाऊक नसतं. मग गृहस्थ गुडघ्यावर बसतात, आपल्या बादलीत हात घालतात आणि पाठीवरचे काटे मोजतात. सात-आठ भरले तर काळी, पाच-सहा भरले तर पांढरी. मोजताना एखादा काटा बोटात जातो. ते वहीत लिहितात. वहीच्या पानांवर रक्ताचे ठिपके आहेत, पण खाडाखोड एकही नाही.

मासा कुठे असेल हे त्यांना मासा लागण्याआधी माहीत असतं. वसंतात रेडबडची झाडं गुलाबी झाली की ते दोरीला थर्मामीटर बांधून फिरू लागतात. पाणी साठ फॅरनहाइटच्या पुढे गेलं की क्रॅपी उथळात अंडी घालायला येतात. नर घरटं राखत बसतो, आणि त्या दिवसांत पांढऱ्या क्रॅपीचा नर चांगलाच काळवंडतो. नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते आणि गृहस्थांना पुन्हा काटे मोजायची संधी मिळते. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. तेव्हा क्रॅपी मधल्या थरात, बुडालेल्या फांद्यांच्या आसपास अधांतरी राहतात. “तिचं लक्ष वर असतं,” ते बजावतात. “आमिष तिच्या डोक्यावर हवं. खाली सोडलंत तर तुम्ही नुसते पाण्याला हवा घालताय.”

या बुडालेल्या फांद्याही त्यांनीच बुडवलेल्या. जानेवारीत लोक नाताळची झाडं रस्त्याच्या कडेला टाकतात. गृहस्थ ट्रक घेऊन ती गोळा करतात, बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधतात आणि अंधार पडल्यावर तळ्यात सोडतात. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही. बायको म्हणते, “आमच्या घरात नाताळ मार्चपर्यंत चालतो.”

क्रॅपी शोधणं हे झालं प्राथमिक शिक्षण. खरी पदवी ‘समजून घेण्या’ची. एक मादी हजारोंनी अंडी घालते, कधी लाखावरही जाते. एखाद्या वर्षी सगळं जुळून आलं की पिल्लांचा पूर येतो. मोठ्या जलाशयात तो जिरतो. छोट्या तळ्यात खाणं तेवढंच, तोंडं दसपट. मग सगळी पिढी सहा इंचांवर अडकून राहते. म्हणूनच छोट्या तळ्यात क्रॅपी सोडू नका असं मत्स्यखात्यांचे लोक सांगत आलेत, आणि म्हणूनच कोणीतरी बादली आणून ओततोच. शास्त्राने क्रॅपीचे वर्गही पाडले आहेत: आठ इंचांची ‘दर्जेदार’, दहाची ‘पसंतीची’, बाराची ‘संस्मरणीय’. हे वर्ग एखाद्या वधुवर सूचक मंडळात ठरले असावेत. आमच्या तळ्यातल्या बहुतेक मुली नापसंत.

उपाय गृहस्थांच्या ओठावर असतो: बास माशांना हात लावू नका, ते पिल्लं खातात, आणि बारक्या क्रॅपी काढा, तळा, खा. पण वसाहत पडली दयाळू. लोक मोठा मासा घरी नेतात आणि छोट्याला जीवदान देतात. एकदा एका चिमुरड्याने पाच इंची क्रॅपीचा पापा घेतला आणि तिला हळूच पाण्यात सोडलं. आईने टाळ्या वाजवल्या. गृहस्थ बाकावर मटकन बसले. “या प्रेमानेच,” ते म्हणाले, “तळं उपाशी मरणार आहे.”

माशाचं वय त्याच्या कानातल्या खड्यावर वर्तुळं मोजून कळतं. ते खडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बाटलीशेजारी वाळत असतात. साडेसहा इंचांची क्रॅपी पाच वर्षांची निघाली त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच. मासा मेल्यावरही खरं सांगतो. गळवाला जिवंतपणीच खोटं बोलतो. त्यांनी धक्क्याच्या फळीवर इंचांच्या खुणा रंगवल्या. तेव्हापासून वसाहतीतले सगळे तेरा इंची मासे त्या फळीपासून लांबच लागतात. शिवाय गळाला भुकेलीच लागते, पोट भरलेली मोजायची कशी? मत्स्यखातं शरदात पिंजऱ्यासारखी जाळी लावून नमुना घेतं, पण खासगी तळ्यावर कोण येणार? एका तरुणाने होडीला पाण्याखालचं जिवंत चित्र दाखवणारं यंत्र बसवलं आणि सांगितलं, “शेकडो आहेत!” गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे नक्की किती?” तरुणाने होडी दुसऱ्या काठाला नेली.

आशेचं एकच ठाणं. काळ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम, पाच पौंड सात औंस, २०१८ साली टेनेसीत झाला, आणि तो एका छोट्या खासगी तळ्यात. हे ते कोणालाही, कधीही सांगतात. एका अंत्यविधीतही सांगितलं होतं.

गेल्या वसंतात त्यांच्या गळाला क्रॅपी लागली ती मी शेजारी उभा असताना. फळीवर ठेवली. सव्वाचौदा इंच. वहीत सव्वाचौदाच लिहिलं गेलं, काटेही मोजले गेले. मासा पुन्हा पाण्यात गेला तोच समितीचे अध्यक्ष फिरत आले.

“काही लागलं?”

“आठ इंची,” शिरगणतीवाले म्हणाले.

“कुठे?”

“तिकडे, बंधाऱ्यापाशी.”

आम्ही उभे होतो ते नेमकं दुसऱ्या टोकाला, नाताळच्या झाडांपाशी. गळवाल्याचा मासा सांगताना वाढतो हा जगाचा नियम. यांचा मासा सांगताना सव्वासहा इंच आटला आणि त्याचा पत्ताही बदलला. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की साक्षीदार म्हणून मी तत्काळ आंधळा झालो.

शनिवारी अर्धी वसाहत बंधाऱ्यावर खुर्च्या टाकून बसली होती. गृहस्थ संध्याकाळी एकेकाला भेटून, आस्थेने चौकशी करून आले आणि वहीत नवी नोंद केली: ‘बंधारा. गळ अकरा, मासे शून्य.’ खाली रेघ मारली, पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, “पहिल्यांदाच कोणी खोटं बोललं नाही.”