कुर्ल्यापर्यंत टिकणारं सेंट

प्रत्येक कचेरीत एक सुगंधराव असतो. पगार बेताचा, संसार नेटका, डोक्यावर विरळ होत चाललेले केस आणि टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फायलींच्या आड, सेंटच्या पाच-सात अर्धवट बाटल्या. त्यातली एकही ५०० रुपयांच्या वरची नसते. ‘त्याच्या वर मोजतो तो वास नाही, नाव विकत घेतो,’ हे त्यांचं ब्रीद. रोज कामावर लावता येईल, खिशाला झेपेल आणि निदान एकजण तरी ‘कुठलं हो हे?’ म्हणून विचारील, असं सेंट शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. शोध अजून जारी आहे.

नव्या बाटलीची पहिली परीक्षा गणिताची. बाटली १०० मिलिलिटरची, किंमत ४०० रुपये. एका फवाऱ्यात साधारण एक दशांश मिलिलिटर उडतं, म्हणजे बाटलीत १००० फवारे. फवारा पडला ४० पैशांना. “चाळीस पैशांत हल्ली काय येतं, सांगा!” असं ते टाळीसाठी हात पुढे करून विचारतात. काहीच येत नाही, म्हणून मग बारा मारतात. मानेला दोन, मनगटांना दोन, काखेच्या आसपास चार, रुमालावर दोन, आणि उरलेले दोन हवेत उडवून त्या धुक्यातून दमदार पावलं टाकत बाहेर पडतात.

दुसरी परीक्षा तुलनेची. ती मॉलमध्ये, फुकट. रविवारी संध्याकाळी सुगंधराव दहा-बारा हजारांच्या बाटल्यांपुढे उभे राहतात. काउंटरवरची मुलगी त्यांना ओळखते. ती कागदाची पट्टी पुढे करते, हे ती खिशात घालून शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडतात. मनगटावर एक फ्रेंच, कोपराच्या लवणीत एक इटालियन, तळहाताच्या पाठीवर आणखी एक. “याची छोटी बाटली नाही का?” असं विचारायचं, नाही म्हटल्यावर “बघतो, मिसेसना आणतो” म्हणायचं आणि हात शरीरापासून लांब धरून, नुकतंच पलिस्तर काढल्यासारखा जपत बाहेर यायचं. खिशातल्या पट्ट्या घरी आल्यावर बँकेच्या पासबुकात जातात. शिल्लक वाढत नाही, पण पासबुकाला वास छान येतो.

तिसरी परीक्षा खरी. ती होते डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये. सेंट किती तास टिकतं हे सुगंधराव घड्याळात बघत नाहीत, स्टेशनांत मोजतात. लिंबू-संत्र्याचा पहिला तजेला ठाण्याला उतरून जातो. मग लव्हेंडरसारखं काहीतरी घाटकोपरपर्यंत रेंगाळतं. मागाहून येणारा लाकडाचा, कस्तुरीचा जड वास दादरला हाती लागला तर लागला. “हे ठाण्याचं आहे, फेकून द्या,” “हे कुर्ल्यापर्यंत जातं, रोजच्याला बरं,” असे त्यांचे शेरे असतात. भायखळ्याच्या पुढे गेलेलं सेंट ते लग्नकार्यासाठी राखून ठेवतात. फक्त शेजारी कुणी अमृतांजन चोळून उभा राहिला, की त्या दिवसाची परीक्षा रद्द.

यात ठाण्याचा दोष नाही. लिंबूवर्गीय तेलं हलकी, ती आधी उडणारच. शिवाय कोलोन म्हणून जे असतं त्यात सुवासिक द्रव्य जेमतेम दोन ते पाच टक्के, बाकी अल्कोहोल आणि पाणी. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने १७०९ साली ते विकायला काढलं, तेही घटकाभर ताजंतवानं वाटावं म्हणून. फारिनाला लोकल पकडायची नव्हती. सुगंधरावांना मात्र घाटकोपरच्या आत विरणारं सेंट म्हणजे ग्राहकाची उघड फसवणूक वाटते.

घरात त्यांची कदर नाही. आई अजून जुन्या काळात आहे. तिच्या आठवणीत कोलन वॉटर म्हणजे तापात कपाळावर ठेवायची गार घडी. सकाळी सुगंधराव पाया पडायला वाकले की ती त्यांच्या कपाळाला हात लावून बघते. “अंगात कसकस आहे का रे?”

बायकोचा शेरा त्याहून नेमका. “अहो, हा तर आपल्या कपड्यांच्या पावडरीचा वास!” सुगंधराव दुखावतात, पण बाईंचं नाक पक्कं आहे. १९८८ साली ‘कूल वॉटर’ नावाचं सेंट आलं आणि जगभर गाजलं. त्याच्या ताजेपणामागे डायहायड्रोमर्सिनॉल नावाचं एक स्वस्त आणि टिकाऊ रसायन होतं. तेच पुढे कैक पुरुषी सेंटांत आलं आणि साबणांत, धुण्याच्या पावडरींतही वापरलं जातं. बाटलीवर निळा समुद्र आणि उघड्या अंगाचा तरुण असला, तरी आतला काही मुद्देमाल न्हाणीघराच्या फळीवर आधीपासून हजर असतो.

खरी गोम पुढेच आहे. आपल्याच अंगावरचा वास थोड्या वेळाने आपल्याला येईनासा होतो. नाकाला त्याची सवय होते. सुगंधरावांना वाटतं, सेंट उडालं. मग कचेरीच्या जिन्यात आणखी चार फवारे. शिपाई म्हणतो, “साहेब, तुम्ही आलात की नाही ते मला लिफ्टमध्येच कळतं.” साहेबांना ही पसंतीची पावती वाटते. शेजारच्या टेबलावरच्या बाई खिडकी उघडतात, तेव्हा सुगंधरावांना उकाडा वाढल्यासारखा वाटतो.

मोहम्मद अली रोडवरच्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने त्यांना एकदा शहाणं करून पाहिलं. त्याने काचेच्या सळईने मनगटावर एक बारीक रेघ ओढली, बाटलीचं बूच लावून टाकलं आणि म्हणाला, “लगाके घूम आओ, शाम को बताना.” पारख करायची ती अशीच. एका वेळी एकच वास, आपल्याच कातडीवर, दिवसभराच्या घामात, आणि निकाल दुसऱ्याच्या नाकाने. सुगंधरावांनी मान डोलावली आणि लगेच दुसरं मनगट पुढे केलं.

एक मात्र कबूल करायला हवं. ४०० रुपयांच्या सेंटची जी बदनामी झाली आहे, तिला बाटलीपेक्षा हात जास्त जबाबदार आहे. बारा हजारांची बाटली असलेला माणूस मोजून एक फवारा मारतो, म्हणून त्याला अभिरुची आहे असं आपण म्हणतो. तीच संयमाची शिस्त स्वस्त बाटलीला लावली, तर रोजच्या कामाला ती चांगली चालते. तेव्हा वाचकहो, बाटली खुशाल स्वस्तातली घ्या. अंघोळीनंतर, कोरड्या अंगावर, दोन फवारे मारा. दुपारी वास येईनासा झाला तर पुन्हा मारण्याआधी शेजाऱ्याला विचारा. आणि तो शेजारी खिडकीशी उभा असेल, तर विचारूही नका.