माशांच्या मागं गोदावरी

॥ श्री ॥
म्युनिक, जर्मनी

तीर्थरूप आबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, परवा व्हिडिओ कॉलवर काचेच्या पेटीतले मासे दिसले आणि आबांनी फोनच ठेवून दिला. आबा, तुमच्या गळ्यात माळ आहे हे आम्ही विसरलेलो नाही. हे मासे खायचे नाहीत, नुसते बघायचे. छकुलीच्या हट्टापायी आणलेत, गोल्डफिश म्हणतात. या घरात सध्या वेळेवर जेवण मिळतं ते त्यांनाच.

पेटी मीटरभर लांब, 200 लिटरची. म्हणजे नुसतं पाणीच दोन क्विंटल. काच, खडी, टेबल धरून अडीचच्या वर. आपल्याकडं एवढ्या वजनाची थप्पी ओसरीत लावली तर कोणी वळून बघत नाही. इथं घर भाड्याचं, फरशी लाकडाची, आणि फरशीखाली घरमालकीणबाई राहतात. म्हणून गवंड्यासारखी लेव्हल लावून टेबल बसवलं. पेटीखाली फोमची चटई घातली, कारण तळाखाली एक खडा जरी राहिला तरी सगळा भार तिथंच येतो अन् काच तडकते. पहिल्या रात्री मी दोनदा उठून फरशी चाचपली.

मग प्रश्न आला पाठीमागच्या बाजूचा. काचेतून भिंत, वायरी, फिल्टरची नळी असं सगळं दिसतं, म्हणून मागं चित्र लावायची पद्धत आहे. दुकानात समुद्रातली पोवळी होती, बुडालेले ग्रीक खांब होते. सूनबाईंना पोवळी आवडली. मी म्हटलं, गोल्डफिश गोड्या पाण्यातला, त्याला समुद्र कशाला? शिवाय आपल्या गावाची इभ्रत आहे. पूर्वी इथल्या मराठी मंडळात आपलं गाव सांगायचं तर अंबडपासून सुरुवात करावी लागायची. मत्स्योदरीची टेकडी माशाच्या आकाराची आहे, एवढं सांगून मी विषय बदलायचो. 2023 च्या मराठा आरक्षण आंदोलनापासून नुसतं अंतरवाली सराटी म्हटलं की लोक खुर्ची पुढं ओढून बसतात. असल्या गावच्या माणसानं घरात ग्रीक खांब लावायचे? आपली गोदावरी लावू!

धाकट्याला शहागडच्या पुलावरून फोटो काढायला सांगितलं. त्यानं पाठवला, आणि मी शहाण्यानं मोबाईलवर बोटाएवढा बघून तसाच मोठा छापून आणला. घरी उलगडला तेव्हा कळलं, फोटो मे महिन्यातला. पात्रभर वाळू, मधून करगोट्याएवढी पाण्याची रेघ, आणि डाव्या कोपऱ्यात वाळूचा ट्रॅक्टर. पैसे गेलेच होते, म्हणून लावला.

लावण्यातही शास्त्र आहे, आबा. नुसता चिकटपट्टीनं लावला तर काच आणि फोटोमध्ये हवा राहते. मग तिरकं बघितलं की मागची काच आरशासारखी चमकते अन् फोटो गायब. ती हवा घालवायला मधे तेलाचा पातळ थर देतात असं कळलं. तेल म्हटल्यावर आमच्या घरात एकच बाटली, आईनं दिलेली खोबरेल तेलाची. सूनबाईंनी काचेला बाहेरून तेल चोळलं, मी जुन्या एटीएम कार्डानं बुडबुडे कडेला सारले. नदी अशी बसली की बघत राहावं.

रात्री थंडी पडली. गोल्डफिशला गार पाणीच मानवतं, म्हणून पेटीत हीटर नाही. सकाळी उठून बघतो तर तेल गोठलेलं, आणि शहागडला बर्फ! ट्रॅक्टर निम्मा बर्फात रुतलेला, आणि त्याच्यावरून मासे निवांत चाललेले.

नेमक्या तेव्हाच घरमालकीणबाई फरशी तपासायला वर आल्या. ‘हे कुठलं वाळवंट?’ म्हणाल्या. मी म्हटलं, नदी आहे. त्यांनी माशांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि फरशीचा विषयच काढला नाही.

आता तो फोटो उतरवून मागं साधा काळा कागद लावलाय. वायरी झाकल्या आणि त्या काळ्यावर मासे निखाऱ्यासारखे दिसतात. आई, सगळ्यांना मिळून एकच मोठी तीट लावलीय समज.

राहता राहिली काच. एकदा मी तारेच्या घासणीनं शेवाळ काढलं. तो चरा आता जन्माचा. आता आत-बाहेर लोहचुंबक असलेला घासणारा ठोकळा आणलाय, पण त्यात वाळूचा कण अडकला तर तोही नांगर चालवल्यासारखी तास ओढतो. म्हणून खडीजवळ तो न्यायचा नाही, असा छकुलीचा कायदा आहे. साबणही वर्ज्य, मासे मरतात. इथलं पाणी आपल्या बोअरच्या पाण्याचं भाऊबंद: पाणी आटलं की काचेवर क्षारांची पांढरी रेघ. दुकानदार त्यावर महागडी बाटली दाखवत होता. मला आईची नळाच्या तोटीवर लिंबाची फोड घासायची पद्धत आठवली. पाणी थोडं उतरवून व्हिनेगरचा बोळा फिरवला, पुसून घेतलं, रेघ गेली. आई, दुकानदारानं तुझी कृती लिहून घेतली.

काळा कागद फक्त वरून चिकटवलाय, केव्हाही काढता येतो. तेव्हा पैठणला नाथसागराच्या 27 दरवाजांतून पाणी सुटलं आणि शहागडला दोन्ही थड्या भरून नदी आली, की धाकट्याला पुन्हा पुलावर पाठवा. फोटो आडवा काढ म्हणावं, उभा नको. आणि ट्रॅक्टरवाल्याला थोडं बाजूला व्हायला सांग म्हणावं.

आपला,
थोरला